ओवीभर दम

फार पूर्वी समुद्राकाठच्या एका गावात एक कोळीण आपल्या सासूसोबत राहत होती. तिचा नवरा खोल पाण्यात बुडी मारून खडकाला चिकटलेले शिंपले, म्हणजे कालवं, काढायचा. तो तापाने गेला, आणि तेराव्याचं जेवण पचायच्या आत गावचा पाटील दारात हजर!

"घरात बुडी मारणारं कोणी उरलं नाही. खडकावरचा तुमचा वाटा आता दुसऱ्याला."

"मी मारीन बुडी," कोळीण म्हणाली.

पाटील खो खो हसला. "बाईचा दम चूल फुंकण्यापुरता! बरं, होळीच्या पुनवेला एका बुडीत कालव काढून दाखव. नाहीतर वाटा गेला."

वाटा गेला तर दोघींची चूल विझणार होती. सासूने सुनेला विहिरीवर नेलं आणि स्वतः पायरीवर बसली. "अंग सैल सोड गो. पोटातून श्वास घे, सावकाश सोड, मग बूड. मी ओवी म्हणते."

पहिल्या दिवशी ओवीची एक ओळही पुरी होईना. सून हातपाय झाडत वर आली.

"पाण्याशी कशाला भांडतेस? भांडायला गावात माणसं काय कमी आहेत?"

सून हसली आणि तिचं अंग सैलावलं. हळूहळू दम वाढला. होळी जवळ आली तेव्हा अख्खी ओवी संपेपर्यंत ती पाण्याखाली राहू लागली. सासू कधी पाण्यावरची नजर काढायची नाही, आणि तिचा एकच हुकूम होता: छातीने हाक दिली की वर यायचं, हातात काही असो वा नसो.

पुनवेला सगळा गाव होड्यांतून खडकाशी जमला. कोळणीने बुडी मारली. कालव हातभर अंतरावर असताना छातीने हाक दिली. आता वर गेलं तर वाटा जाणार, हे तिला ठाऊक होतं. मनातल्या मनात चडफडत ती वर आली.

"रिकाम्या हाती!" होड्यांवर हशा पिकला. "गेला तुझा वाटा," पाटील म्हणाला.

"कालव उद्याही तिथेच असेल," ती ताठ मानेने म्हणाली. "मी जिवंत राहिले, तर काढीनच."

ज्याला हा वाटा मिळायचा होता, तो गावातला पट्टीचा बुड्या पुढे सरसावला. "बघ, बुडी कशी मारतात ती!" लोहाराच्या भात्यासारखे भराभर श्वास ओढून त्याने उडी घेतली. लोक कोळणीला चिडवण्यात दंग होते. पाण्याकडे बघत होती ती एकटी सासू.

"सूनबाय, तो बुडतोय गो!"

कालव मुठीत धरून वर येता येता, पाणी हातभर उरलं असताना बुड्याची शुद्ध हरपली होती. सून झेपावली आणि त्याचे केस धरून तिने त्याला होडीशी आणलं. खोकत खोकत त्याने डोळे उघडले.

पाटलाचा चेहरा पडला. "बाई, वाटा तुला परत दिला."

"परत कसला? तो आमचाच होता," कोळीण म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सासूला होडीत बसवून ती त्याच खडकावर गेली आणि टोपलीभर कालवं घेऊन आली. वाटेत विहिरीच्या पायरीवर बुड्या खाली मान घालून बसला होता.

"शिकवीन," सासू म्हणाली. "पण आधी ते भात्यासारखं धापणं सोड."

तात्पर्य: हसणाऱ्यांसाठी दम कोंडू नये. आपल्या छातीची हाक ऐकावी, आणि आपल्यावर नजर ठेवणारं एक तरी माणूस काठावर असू द्यावं.