गुरूची हाडं

एकदा एक शिष्य तांब्याचा रिकामा कलश लाल फडक्यात बांधून आपल्या गुरूची हाडे आणायला निघाला. गुरू कन्नडमधले नामांकित कवी. शिष्य मराठी, वीस वर्षे गुरूंच्या कविता मराठीत आणण्यावाचून त्याने दुसरे काही केले नव्हते. पण गुरू गेले त्या दिवशी हा दूर एका संमेलनात त्यांच्याच काव्यावर भाषण करत होता. धावतपळत पोचला, तोवर पुतण्यांनी राख सावडून नदीत सोडलीसुद्धा होती. तेव्हापासून त्याचे चित्त थाऱ्यावर नव्हते. जेवताना घास हातात राही, लिहायला बसला की ओळ अर्ध्यावर तुटे. ज्याच्या शब्दांवर जगलो त्याला शेवटचा नमस्कारही घडला नाही, ही खंत त्याला जाळत होती.

समाधी बांधली तर जीव निवेल, असे त्याने मनाशी घेतले. नगरातला एक तेलाचा व्यापारी दगड द्यायला तयार झाला, पण माणूस पक्का व्यवहारी. "अस्थी आणा, दगड न्या," तो म्हणाला. "आत काही नसलं तर समाधी कसली? तो नुसता बसायचा कट्टा!"

शिष्याने गुरूंच्या सगळ्या सोयऱ्याधायऱ्यांना पत्रे घातली : त्यांचे काही उरले आहे का? उत्तर एकच आले, गुरूंच्या जन्मगावाहून, त्यांच्या बालमित्राचे. हा वृद्ध घोंगड्या विणी आणि मराठी मुलखातल्या बाजारांत विकून विकून मराठी शिकला होता. सारे गाव त्याला अज्जा म्हणे, म्हणजे आजोबा. कार्डावर दोनच ओळी होत्या : "त्याची हाडं आमच्याकडं हायेत. येऊन घेऊन जावा."

शिष्याने कार्ड कपाळाला लावले. सावडण्याच्या वेळी मित्राने चार अस्थी मागे ठेवल्या असणार, हे त्याने स्वतःच ठरवून टाकले आणि मिळेल ती एसटी पकडली.

अज्जांच्या अंगणात काळ्या लोकरीचा ताणा खुंट्यांना ताणून बांधला होता. त्यांची सून निंगव्वा आणि आणखी दोघी कुंच्याने त्याला चिंचोक्याची खळ लावत होत्या आणि लावता लावता गात होत्या. शिष्याचे कान टवकारले. गाणे गुरूंचे होते! 'ऊन आलं अंगणात, त्याला बसायला पाट द्या,' अशा अर्थाचे. पण या बाया पाटाच्या जागी घोंगडी म्हणत होत्या. शिष्याला राहवेना.

"ताई, तिथं पाट आहे. छापील प्रत आहे माझ्याकडे."

निंगव्वा हसली. "आमच्यात पाट कुठला, साहेब? येईल त्याला आमी घोंगडीच टाकतो."

शिष्य चरफडत अज्जांकडे वळला. "अज्जा, हाडं देता ना? मला संध्याकाळच्या गाडीनं निघायचंय."

"देतोच हाय की. बस जरा."

तो बसला, उठला, अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चार फेऱ्या मारून आला. तेवढ्यात अज्जांनी एक अजब गोष्ट केली. त्यांनी लाल फडके सोडले, कलश बाहेर काढला, चुलीवरची ऊन ऊन खळ त्यात ओतली आणि तो निंगव्वाच्या हाती दिला.

"अज्जा!" शिष्य ओरडला. "अहो, गुरूंच्या हाडांसाठी आणलेला कलश तो!"

"आमचं मडकं फुटलंय. आणि हाडाला भांडं कशाला लागतंय?"

"मग हाडं नेऊ कशात?"

"तोंडात," अज्जा म्हणाले.

शिष्य दोन पावले मागे सरला. अज्जांनी त्याच्याकडे निरखून पाहिले आणि मग त्यांच्या ध्यानात सगळा घोळ आला. त्यांनी ताण्याकडे बोट केले. "त्या बाया मघापासून काय करत्यात?"

"गाणं म्हणतायत."

"आमच्याकडं गाण्यालाच हाड म्हणत्यात रे, तम्मा."

पुस्तकी कन्नडमधला 'हाडु' हा गाण्याचा शब्द शिष्याला चांगला ठाऊक होता. पण गावाच्या तोंडी त्याचे शेपूट गळून नुसते 'हाड' उरते, हे वीस वर्षांत त्याच्या कानी पडले नव्हते. तो मटकन खाली बसला आणि लहान मुलासारखा रडू लागला. "शेवटी मी नव्हतो हो त्यांच्यापाशी!"

"मी तरी कुठं होतो?" अज्जा त्याच्याजवळ टेकले. "ऐक. माणूस जळाल्यावर उरतंय ते तुमचं हाड, आणि आमचं बी. तुमचं नदीत सोडलं की संपलं. आमचं सोडलं की चालाय लागतंय. हे हाड त्यानं पोरवयात याच अंगणात जुळवलं. त्याच्या घरी पाट होता, त्यानं उन्हाला पाट दिला. निंगव्वा घोंगडी देती. तू वीस वरसं त्याचाच पाट राखत बसलास. तुझ्या घरचं काय दिलंस?"

संध्याकाळची गाडी शिष्याने जाऊ दिली आणि गाणे पाठ होईपर्यंत तिथेच राहिला.

परतल्यावर व्यापाऱ्याने विचारले, "आणल्या का अस्थी?" शिष्याने कलश पुढे ठेवला. आत वाळलेल्या खळीशिवाय काही नव्हते. व्यापारी काही बोलणार, तोच "गुरूंचं कन्नड गाणं आणलंय," म्हणत शिष्य गाऊ लागला. आवाज बेताचाच, तोही फाटलेला. 'ऊन आलं अंगणात,' इथवर पोचला आणि पुढची ओळ व्यापाऱ्यानेच उचलली : 'त्याला गूळपाणी द्या.'

"हे तर आमच्या अव्वाचं, माझ्या कानडी आईचं हाड!" व्यापाऱ्याचे डोळे भरून आले. "भाकरी थापताना म्हणायची. तुमच्या गुरूंना कसं ठाऊक?"

'पाट' हा शब्द शिष्याच्या अगदी ओठांवर आला होता. त्याने तो गिळला. "तुमच्या अव्वाचंच आहे ते," तो म्हणाला, आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच त्याला स्वस्थ वाटले.

दगड दुसऱ्याच दिवशी आले. समाधी मात्र झाली नाही. झाला तो नुसता बसायचा कट्टा. सकाळी आधी त्यावर ऊन येऊन बसते, मग माणसे. मराठी पुस्तकात ती ओळ आज अशी आहे : 'ऊन आलं अंगणात, त्याला बसायला कट्टा द्या.' जाणकार म्हणतात, अनुवादकाची चूक. शिष्य ती दुरुस्त करत नाही.