आजोबांच्या काळची चितळं

दरसालच्या शिकारीत चितळं मारायची अकरा आणि रानडुक्कर एकही नाही, हा थोरल्या सरकारांचा नियम. त्यावर प्रश्न विचारायचा नाही, असं तुळसाला लहानपणापासून बजावलेलं. पण रानात माग काढणारी तीच. यंदा रोगराईनंतर चितळं तेराच उरली होती आणि डुकरांनी गावाची भाताची खाचरं पार उकरून टाकली होती.

शिकारीला आलेल्या भैरोजीरावांना, म्हणजे थोरल्या सरकारांच्या नातवाला, तिनं हे सांगितलं. ते मिशीवर हात फिरवत म्हणाले, "आमच्या आजोबांनी स्वतः रानातली जनावरं मोजून हा आकडा घालून दिलाय, पोरी. तो बदलत नसतो."

"तुळसे, गप बैस," चुलता पुटपुटला. गावच्या पाटलांनीही डोळे वटारले.

तुळसा शांतपणे म्हणाली, "सरकार, आकडा आजोबांच्या काळचा, तर चितळंही त्यांच्याच काळची मारा. ती कुठं चरतात तेवढं दाखवा, माग मी काढते."

रावांचा हात मिशीवरच थांबला.

"आणि आजची मारायची असतील, तर आजोबांसारखीच रानातली जनावरं मोजा आणि आकडा ठरवा. तोवर चितळांचा माग मी काढणार नाही. डुकरांचा म्हणाल, तर आत्ता निघते."

चुलत्यानं पाटलांकडे पाहिलं, पाटलांनी रावांकडे.