खाडीच्या पाण्यातलं कालवण

एक होता राजा. पण त्याला बसू दे तिकडे सिंहासनावर मिशा पिळत, आज त्याचं आपल्याकडे काही काम नाही. आजची गोष्ट आहे त्याच्या राज्यातल्या अगदी शेवटच्या घराची. इतकं शेवटचं, की राजाचा दवंडीवाला तिकडे जायला निघायचा आणि पोचायच्या आधीच दमून माघारी फिरायचा.

गज्या, पाय गोधडीत घे. घेतलास? हं.

तर त्या घराच्या पुढे होते माड आणि मागे होती खाडी. मागचं दार उघडलं की खाडीचं पाणी थेट उंबऱ्याशी गप्पा मारायला यायचं. त्या घरात राघो तांडेल राहायचा. तांडेल म्हणजे होडीवरचा म्होरक्या, बरं का. त्याची बायको येसूबाय. मुलगा म्हादू. आणि म्हादूची नवी नवरी सगुणा.

ही सगुणा होती घाटावरची. तिनं लग्नाआधी समुद्र पाहिलाच नव्हता. पहिल्याच दिवशी घरात मासळीचा वास आला आणि बिचारीनं पदर नाकाला लावला. शेजारणी फिदीफिदी हसल्या. येसूबाय मात्र हसली नाही. तिनं कुठून कुठून ज्वारीचं पीठ पैदा केलं, पिठलं ढवळलं, भाकरी थापली. भाकरी झाली वेडीवाकडी, मधे भोक पडलेली. कोकणातल्या बाईला ज्वारीची भाकरी कुठून जमायला! पण सगुणानं ती खाल्ली आणि ढसाढसा रडली. आई नव्हती गं तिला, लहानपणीच गेली होती. त्या दिवसापासून ती सासूच्या पदराला चिकटली ती चिकटलीच.

मग नारळी पौर्णिमा झाली. म्हादू गलबतावर चढला आणि दूरदेशी निघाला. शिमग्याला परत येतो म्हणाला. जाताना सगुणाला एवढंच म्हणाला, "आयेला सांभाळ हां."

आणि मग काय झालं, एक दिवस वादळ आलं. राघो तांडेलाची होडी बाहेर होती. बाकीच्या होड्या धडपडत परत आल्या. त्याची आली नाही.

येसूबाय रडली नाही. ओरडली नाही. तिनं तोंडच मिटून घेतलं. बोलणं बंद, खाणं बंद. सगुणा चमच्यानं पेजेचं पाणी ओठांना लावायची, त्यातलं थोडं आत जायचं आणि बाकीचं उशीवर. बाई दिवसेंदिवस वाळत चालली. वैद्यबुवा आले, त्यांनी नाडी पाहिली आणि सगुणाला बाहेर बोलावून म्हणाले, "पोटात अन्न गेलं नाही तर ही बाई शिमगा बघणार नाही." 

सगुणाला म्हादू आठवला. म्हादू येणार. बाप गेल्याचं त्याला सांगावंच लागणार. पण आईसुद्धा गेली, हे कोणत्या तोंडानं सांगायचं? आणि खरं सांगू का, तिला म्हादूपेक्षाही स्वतःचीच भीती वाटत होती. एक आई गेली होती, आता दुसरी चालली होती.

शेजारची गोमती म्हणाली, "पहिलं ते खाडीकडचं दार लाव. पाणी दिसलं की तिचं दुःख उफाळून येईल." सगुणाला ते पटलं. तिनं मागच्या दाराला कडी घातली. फटीफटीत चिंध्या कोंबल्या, म्हणजे लाटांचा आवाजसुद्धा नको. रोज तिन्हीसांजेला येसूबाय त्या दारात दिवा लावायची, होडीवरून घर दिसावं म्हणून. तो दिवाही फडताळात गेला. सगळं मायेपोटी केलं हो तिनं.

मग सगुणानं विचार केला, आत्याबाईंना, म्हणजे सासूबाईंना, सगळ्यात आवडतं काय? तर तिसऱ्यांचं कालवण. तिसऱ्या माहीत आहेत ना? खाडीच्या चिखलात असतात त्या छोट्या शिंपल्या. दोन दारं घट्ट लावून आत बसलेल्या असतात. येसूबायचं कालवण असायचं छान दाटसर. नारळाचा रस, भाजलेला कांदा, बटाट्याच्या मोठ्या मोठ्या फोडी आणि वरून लावलेलं तांदळाचं पीठ. निमे, तेव्हा बटाटे होते का असं विचारू नकोस. गोष्टीत होते.

पण ते करायची येसूबाय. सगुणा नुसती भाकऱ्या भाजायची. त्यामुळे तिला ठाऊक काहीच नव्हतं.

ओहोटी लागली तशी सगुणा साडी खोचून चिखलात उतरली. हातानं चाचपून चाचपून तिनं रोवळीभर तिसऱ्या काढल्या. घरी आणल्या, घासून घासून लख्ख केल्या, वरून अगदी चांदीसारख्या, आणि टाकल्या मातीच्या तवलीत. कालवण झालं. वास तर बरा आला. तिनं एक घास सासूच्या तोंडात घातला. दातांखाली आली करकरीत वाळू! येसूबायनं भिंतीकडे तोंड फिरवलं.

सगुणा पळत गोमतीकडे गेली. गोमती म्हणाली, "अगो, त्यांना भिजत नको ठेवायला? पाण्यात ठेवल्या की तोंड उघडतात आणि वाळू टाकतात आपली आपण."

झालं. सगुणानं पुन्हा तिसऱ्या काढल्या आणि विहिरीचं छान गोडं पाणी शेंदून त्यात भिजत घातल्या. आता खाडीकाठच्या बाईला विचारलं असतं तर तिनं कपाळाला हात लावला असता. तिसऱ्या खाऱ्या पाण्यातल्या. पण हे गोमतीनं सांगितलंच नाही. तिथे जन्मलेल्या माणसाला ते सांगावं लागतं असं वाटतच नाही ना! आणि घाटावर मटकी भिजते ती विहिरीच्या पाण्यात. सगुणाला काय कळणार?

सकाळी पाहते तर काय, सगळ्यांची तोंडं घट्ट बंद. ती थांबली, तिनं वाट पाहिली. एक उघडेल तर शपथ. मग ती इरेला पेटली. विळी घेऊन बसली आणि एकेकीचं तोंड फाकवू लागली. अंगठा कापला. तरी तिनं कालवण केलंच. पण त्या गुदमरलेल्या तिसऱ्यांना ना चव ना ढव. येसूबायनं घास ओठांवरच अडवला आणि डोळे मिटले.

रोवळीच्या तळाशी एकच तिसरी उरली होती. मोठी, करवंटीएवढी, पाठीवर शेवाळ चढलेली म्हातारी. विळीनंही ती उघडली नव्हती. सगुणानं तिला उचललं आणि तिला एकदम भरूनच आलं. "बाई गं," ती म्हणाली, "तू पण माझ्या आत्याबाईंसारखीच. जा, तुझ्या घरी तरी जा." आणि ती खाडीवर गेली, गुडघाभर पाण्यात उभी राहिली आणि तिनं त्या म्हातारीला अलगद तळाशी ठेवलं.

मग काय झालं ठाऊक आहे? म्हातारीनं दार किलकिलं केलं. आधी चूळ भरल्यासारखी पचकन वाळू थुंकली. आणि मग बोलली!

"पोरी," ती म्हणाली, "तुझ्या तोंडात कुणी विळी खुपसली तर तू बोलशील?"

सगुणा इतकी दचकली की पाण्यात बसलीच.

"परक्या पाण्यात कोण तोंड उघडेल गं? आमच्या पाण्यात ठेव आणि जरा एकटं सोड. वाळू आम्हीच टाकू. मग मंद जाळावर ऊब दे. दारं आम्हीच उघडू. आणि वरून मीठ घालू नकोस. आमचं आम्ही आणलेलं असतं." एवढं बोलून म्हातारी चिखलात रुतली. जाता जाता म्हणाली, "मी बोलले हे कुणाला सांगू नकोस."

मग सगुणानं पुन्हा रोवळी भरली. या वेळी कळशीही भरली, खाडीच्या खाऱ्या पाण्यानं. घरी येऊन तिसऱ्या त्या पाण्यात सोडल्या, वर सूप झाकलं आणि ती आपली नारळ खवायला बसली. दुपार कलली तेव्हा तिनं हळूच सूप उचललं. आणि पाहते तर सगळ्यांची दारं किलकिली! आतून चिमुकल्या जिभा बाहेर आलेल्या, एक तिसरी वाळू टाकतेय, दुसरी बुडबुडे सोडतेय, जशी काही पाणवठ्यावर बायकांची गर्दी. 

सगुणाला हसू आलं. आणि हसता हसता तिचं लक्ष गेलं मागच्या दाराकडे. त्या कडीकडे. त्या फटींतल्या चिंध्यांकडे. मग तिचं हसू मावळलं.

अगं बाई, हे मी काय करून बसले? तिला वाटलं. जन्म गेला त्यांचा या खाडीवर. त्यांचं लग्न खाडीवर, त्यांचा संसार खाडीवर, त्यांचा माणूस या पाण्यात. आणि मी त्यांना कोंडून ठेवलं विहिरीच्या पाण्यात!

तिनं तवली चुलीवर चढवली. मंद जाळ केला. नारळाचा रस ओतला, बटाट्याच्या फोडी शिजल्या, पीठ लावलं, दोन आमसुलं टाकली. मिठाच्या मडक्याकडे सवयीनं हात गेला, तो तिनं मागे घेतला. मग निथळलेल्या तिसऱ्या आत सोडल्या आणि ती दाराशी गेली.

गोमती अंगणातून ओरडली, "वेडी झालीस काय गो? पाणी बघून जीव जाईल तिचा!" सगुणा कडीला हात घालून थांबली. खरंच गेला तर? पण दार बंद ठेवूनही तो चाललाच होता. तिनं देवाचं नाव घेतलं, चिंध्या ओढून काढल्या आणि दार सताड उघडलं.

भरती येत होती. वारा आत शिरला. आणि तेवढ्यात चुलीवरून आवाज आला, टक्. मग टक् टक्. तवलीत तिसऱ्या उघडत होत्या. आणि बरं का, तवलीतली एक उघडली की बाहेर खाडीच्या तळाशी दहा उघडायच्या. टक् टक्, टक् टक्, अशी सगळी खाडी वाजायला लागली! गोमतीच्या हातातला केरसुणीचा बुडखा गळून पडला.

येसूबायनं भिंतीकडचं तोंड वळवलं. पाण्याकडे पाहिलं. कितीतरी वेळ पाहतच राहिली. मग कोपरावर रेलून ती उठून बसली. सगुणानं कालवणाची वाटी तिच्या हातात दिली. तिनं वाटी नाकाशी नेली, वास घेतला, आणि तिचे ओठ हलले.

"मीठ घातलंस काय गो?"

सगुणानं घाईघाईनं मान हलवली. "नाही घातलं, आत्याबाई."

"बरं केलंस," येसूबाय म्हणाली. आणि तिच्या डोळ्यांतून जे पाणी सुटलं, ते टपटप टपटप वाटीत. इतके दिवस साठलेलं ना ते! सगुणा वाटी काढून घ्यायला गेली, तर येसूबायनं सोडली नाही. तशीच रडत रडत खाल्ली. बटाट्याची फोड, तिसरीचं मांस, रस्सा, सगळं. वाटी बोटानं पुसून घेतली. आणि म्हणाली, "फोडी मोठ्या झाल्या हो." आता सासू ती सासूच, बरं का. पण सगुणाला वाटलं, इतकं गोड आपल्याला आजवर कुणी बोललंच नाही.

मग येसूबाय सगुणाच्या खांद्याचा आधार घेऊन दारापर्यंत गेली. फडताळातला दिवा मागवला. स्वतःच्या हातानं लावला. मग दर तिन्हीसांजेला लावत राहिली.

शिमग्याचे ढोल वाजायला लागले आणि म्हादूचं गलबत आलं. धुकं इतकं होतं की खाडीचं तोंड सापडेना. पण म्हादूला तो दिवा दिसला. आपली आई आहे, एवढं त्याला लांबूनच कळलं.

तो घरी आला. आईच्या मोकळ्या कपाळाकडे पाहिलं आणि त्याला बाकीचंही कळलं. तोंड घट्ट मिटून पाटावर बसला. सगुणानं पुढ्यात तिसऱ्यांचं कालवण वाढलं. त्याचा घास उचलेना. अगदी आईवर गेलेला.

मग येसूबाय त्याच्या शेजारी टेकली. त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "रड, बाबा. आम्ही कालवणात मीठ घातलेलं नाही."

आणि म्हादू रडला, आणि मग जेवला. मग तिघंही जेवली. पुढे त्या घरात पोरंबाळं झाली, दार कधी बंद झालं नाही, आणि तिसऱ्यांच्या कालवणात वरून मीठ कधी कुणी घातलं नाही.

काय गं निमे? म्हातारी तिसरी कुणाला सांगू नको म्हणाली होती, मग आपल्याला कसं कळलं? फार शहाणी झालीस. सगुणानं नातवंडांना सांगितलं असेल. नातवंडांना सांगितलेलं मोजत नाहीत.

चला, आता खाडीला ओहोटी लागली. तिसऱ्यांनी आपापली दारं लावली. तुम्हीही डोळ्यांची लावा बघू.