पुढारी कुणाला म्हणावं?

घुमटगडाला वेढा पडला आणि पहिल्याच हल्ल्यात किल्लेदार कामी आले. तरी त्यांच्या पत्नी म्हाळसाबाईंनी गड पडू दिला नाही. शत्रू कंटाळून निघून गेल्यावर नवा किल्लेदार नेमायला राजाने दरबार भरवला.

एक शास्त्री म्हणाले, पुढारीपण जन्माने येतं. दुसरे म्हणाले, ते शिकून येतं. वाद वाढत चालला, तेव्हा राजाचे मेहुणे सिधोजीराव मिशीला पीळ देत उठले.

"शास्त्रीबुवा, पोथ्या मिटा. ज्याच्या मागे माणसं धावतात तो पुढारी. मी घोड्याला टाच मारली की दोनशे स्वार मागे धावतात. या बाईंच्या मागे कोण धावतं?"

म्हाळसाबाई शांतपणे म्हणाल्या, "सरदार, चोर पळाला की त्याच्याही मागे सगळं गाव धावतं. म्हणून गाव त्याला पाटील करत नाही."

दरबारात हसू पसरलं. राजाने विचारलं, "मग वेढ्यात तुमच्या मागे कोण होतं, बाई?"

"मागे कुणीच नव्हतं, महाराज. तटावर सगळे माझ्या शेजारी उभे होते."

राजाने मेहुण्याकडे पाहिलंही नाही. तो सिंहासनावरून उतरला आणि गडाच्या किल्ल्या त्याने म्हाळसाबाईंच्या ओंजळीत ठेवल्या.