टेंबावरच्या बंद घराची आवडाई

फार फार वर्षं झाली या गोष्टीला. तेव्हा कातळपाड्याला रस्ता नव्हता, येणंजाणं सगळं होडीनं. त्या काळी गावात आवडाई नावाची बाई राहायची. नवऱ्याला समुद्रानं नेलेलं, पोटी मूल नाही. पण हाताला अशी कला, की तिनं सारवलेली जमीन बघून मुंग्यासुद्धा कडेकडेनं जायच्या, असं म्हणतात.

श्रावण सरत आला की गावात नुसती धांदल उडायची. गणपती यायचे. घराघरांत जाती घरघरायची, माळ्यावरची भांडी खाली उतरायची, पुरुषमाणसं गणपतीवरच्या माटवीला टांगायला रानातून कवंडळाची फळं आणायची. आणि चहूकडून आवडाईला हाका. "आवडाय, आमची पडवी आधी गो!" "अगो, चूल घालायची राहिलीय आमची!" ती शिंपले भाजून त्यांचा चुना करायची, शेण कालवायची आणि एकेक घर सणाला उभं करायची.

गावाच्या टोकाला, समुद्राकडच्या टेंबाच्या उंचवट्यावर, एक घर मात्र बंद असायचं. ते धर्मा तांडेलाचं. देवळातल्या मानावरून त्याचं गावाशी भांडण झालं आणि बायकापोरांना होडीत बसवून तो निघून गेला, तो परत आलाच नाही. जाताना त्यानं गावाला शाप दिला म्हणे. त्यामुळे त्या घराकडे कुणी मान वळवूनही बघायचं नाही.

एका वर्षी सगळ्यांची घरं आटोपली आणि आवडाई चुन्याचं मडकं डोक्यावर घेऊन टेंब चढायला लागली. वाटेत बाळकोजी खोत भेटले. गाव त्यांना अप्पा म्हणायचं आणि त्यांच्या शब्दाबाहेर जायचं नाही.

"कुठं निघालीस?"

"तांडेलाच्या घरी."

"शापाचं घर ते. आणि सणाला तिथं येणार कोण?"

"तेच तर मलाही बघायचंय," आवडाई म्हणाली. "घराला आपले हात नसतात, अप्पा. सणासुदीला त्याचं तोंड कुणी धुवायचं?"

अप्पांचा चेहरा लाल झाला. "त्या भिंतीला हात लावलास, तर पुन्हा आमच्या उंबऱ्यात पाय टाकू नकोस."

 आवडाई मडकं सावरून वर गेली.

पुढच्या वर्षी श्रावण सरला, पण तिला कुणी हाक मारली नाही. अप्पांनी दार लावलं म्हणून सगळ्यांनीच लावलं. ती आपल्या ओसरीवर बसून दुसऱ्यांच्या अंगणातली धांदल बघायची. आतून तिला फार लागलं असणार. पण एका सकाळी ती उठली, पदर खोचला आणि टेंबावर गेली. या वेळी हाताशी तेवढं एकच घर होतं. तिनं कोळिष्टकं काढली, जमीन सारवली, भिंतींना आतून-बाहेरून चुना दिला. चुलीशी सुकी लाकडं रचली, मडक्यात मूठभर तांदूळ ठेवले. खालून बायका बघायच्या. कुणी म्हणायचं, तांडेलाचा निरोप आलाय. कुणी म्हणायचं, हिलाच लागीर झालंय. पण ती कुणाची वाट बघते, हे कळेना आणि कळल्याशिवाय राहवेना.

गणपतीच्या आदल्या दिवशी दुपारीच आभाळ काळं झालं. बंदरावर कामाला गेलेली गावातली माणसं सणाला होडीनं परतत होती. अप्पांचा थोरला लेक गोंदजी तीत होता, आणि घोंगडीत गुंडाळलेली खोतांची मूर्तीही. वारा सुटला, लाटा उठल्या, पाऊस असा लागला की हातभर पुढचं दिसेना. सगळा गाव किनाऱ्यावर उभा. होडी काही दिसेना. 

इतक्यात पाऊस जरा ओसरला आणि कुणीतरी वर बोट दाखवलं. तांडेलाच्या घराच्या कौलांतून धूर निघत होता.

सगळे धावत टेंब चढले. आत चुलीभोवती माणसं अंग शेकत बसली होती आणि आवडाई त्यांना गरम पेज वाढत होती. मूर्ती पाटावर टेकवलेली.

"खडकावर आपटणारच होतो आम्ही," गोंदजी म्हणाला. "तेवढ्यात पावसातून पांढरंशुभ्र काहीतरी दिसलं. भिंत होती. तिच्या रोखानं वल्हवलं आणि होडी टेंबाखालच्या वाळूला लागली."

अप्पा दाराबाहेरच भिजत उभे होते. तिथूनच त्यांनी विचारलं, "आवडाई, आत येऊ का मी?"

"पाय पुसून या," ती म्हणाली. "जमीन ओली आहे अजून."

टेकलेली मूर्ती हलवायची नाही, म्हणून त्या वर्षी खोतांचा गणपती तांडेलाच्या घरात बसला. आरतीला सगळा गाव तिथं होता. आणि ऐका, त्या घरापुढं पहिल्यापासून फणसांची दाट राई आहे. आजही समुद्रावरून बघाल, तर भिंतीचा ठिपकासुद्धा दिसत नाही. मग गोंदजीला ती कशी दिसली? त्या दिवसापुरती झाडं बाजूला सरली, असं म्हणतात.

आवडाई पुढं पुष्कळ वर्षं जगली, गावाची घरं सारवत राहिली. मग एका श्रावणात ती टेंबावर गेली आणि परतली नाही. लोक बघायला गेले, तर जमीन नुकतीच सारवलेली. बोटांच्या रेघा मागच्या दारापर्यंत गेलेल्या, आणि पुढं अंगणातही तशाच, गवतावरसुद्धा. पार कड्याच्या टोकाशी त्या संपल्या होत्या.

आता कातळपाड्यात कितीतरी घरं बंद असतात. माणसं शहराला गेलीत. पण गणपती जवळ आले की गावातल्या बायका आपल्या घराला हात लावण्याआधी एकेक बंद घर वाटून घेतात, झाडतात, सारवतात. त्याला 'आवडाईचा हात' म्हणतात. दाराला कडी लावत नाहीत आणि आत पाण्याची कळशी भरून ठेवतात. विसर्जनानंतर त्या बघायला जातात, तेव्हा एखाद्या घरातली कळशी अर्धी झालेली असते. पाणी कोण प्यायलं, यावर पाणवठ्यावर मग महिनाभर बोलणं चालतं.