मेघसाल राजा बबून झाला त्याची गोष्ट

एका राज्यात मेघसाल नावाचा राजा होता, आणि त्याला नको तिथं हसायची खोड होती. भर दरबारात तो जादूगार कंकोळाच्या लांब तोंडाला हसला.

कंकोळ म्हणाला, "याहून लांब देतो."

राजाचा बबून झाला, म्हणजे भलं मोठं माकड. तोंड कुत्र्याचं, सुळे बोटभर, अंगावर हिरवट केस, आणि बुडाला दोन घट्टे. सिंहासन गेलं, गादी राहिली! हसलात? हसा. तिकडे राज्यात विहिरी आटल्या, पाळणे हलेनात.

शाप असा होता : राजानं आपण होऊन माणसाच्या केसांत बोटं घातली, तर सुटका. सातव्या पौर्णिमेचा चंद्र त्याआधी उगवला, तर जन्माचा बबून.

सहा पौर्णिमा गेल्या. सातवीच्या सकाळी राणी कनकवेल निघाली. वाट दाखवायला टिटवी होती.

"तीन डोंगर, राणीसाहेब, तीन रीती. पहिल्यावर पिवळे बबून, लांब टांगांचे. त्यांच्या डोळ्यांत पाहू नका. दुसऱ्यावर पांढऱ्या आयाळीचे. एकेकाच्या चार-चार बायका. रेंगाळलात तर पाचव्या व्हाल. तिसऱ्यावर हिरवट. तिथं दात दाखवू नका."

"आणि महाराज?"

"तिसऱ्यावर."

पहिला डोंगर राणीनं खाली मान घालून ओलांडला. दुसऱ्यावर एका आयाळवाल्यानं मानेला चावा घेऊन तिला आपल्या बायकांकडे ओढलं. त्याच्या दातांत शेला सोडून ती निसटली. तिसऱ्यावर टिटवीनं राजा दाखवला. आई मेलेलं एक पिल्लू त्याच्या छातीला बिलगलं होतं. राणीला आनंद झाला, आणि ती हसली.

झालं! दात दिसले. सगळा कळप भुंकत धावला. सर्वांत पुढे राजाच, सुळे काढून.

"वळा! वाका!" टिटवी ओरडली.

"मी राणी आहे."

"इथं नाही. इथं शरण असंच जातात."

राणी वळली, वाकली. राजघराण्यानं प्रथमच कुणाला पाठ दाखवली. मी आपलं पाठ म्हणतो, तुम्ही समजून घ्या.

सुळे झाकले गेले. कळपाची म्हातारी पुढे आली. त्यांच्यात मान आईकडून लेकीला मिळतो, आणि हिचा मान सर्वांत वरचा.

"कुणाची गं तू?"

"याची."

"तो आमचा आहे. पण बैस."

राणी पाठमोरी बसून राहिली. ऊन उतरलं. बबून निजायला कड्यावर चढू लागले. राजाही चढला, थबकला, खाली आला. तिच्या मागं बसून त्यानं केसांत बोटं घातली, गवताची एक काडी काढली आणि खाल्ली.

शाप तुटला. तिथं माणूस बसला होता, उघडा, गुळगुळीत. पिल्लानं वर पाहिलं, किंचाळलं, आणि म्हातारीच्या पोटाखाली शिरलं.

राजानं हात पसरले. "ये रे. मीच आहे."

"तुझा वास गेला," म्हातारी म्हणाली. "जा आता."

विहिरींना पाणी आलं, पाळणे हलले, राज्य सुरळीत चाललं. राजा मात्र अजून दोन्ही हात छातीशी धरून चालतो, काही पडेल की काय असा. का, ते विचारणाऱ्याचं मुंडकं उडतं. मला माझं हवंय, म्हणून मी विचारलं नाही. तुम्हीही विचारू नका.