काचेला चिकटलेले नाव

एकदा एका प्रयोगशाळेत घडले, ते सांगतो.

तिथले वृद्ध गुरुजी दोन शिष्यांसह विजेच्या पाटीचा अभ्यास करीत. दोन काचा, मध्ये तेल, तेलात काळे-पांढरे रंगकण. वीज दिली की काळे कण वरच्या काचेशी येत, अक्षर उमटे. उलटी दिली की मागे जात. सूक्ष्मदर्शकातून ते येणे-जाणे न्याहाळायचे, हेच काम. नियम एकच: घरी जाताना अक्षर पुसून वीज बंद करायची.

रेवतीची पाटी फार स्वच्छ पुसली जाई. सोमवारी दुपारी पाहुण्यांपुढे तीच दाखवायची ठरली. श्रीरंग तिच्याआधी दोन वर्षे आलेला. त्याच्या पोटात दुखू लागले. शनिवारी ती गेल्यावर त्याने पाटीवर तिचेच नाव उमटवले आणि वीज चालू ठेवून निघून गेला.

सोमवारी सकाळी रेवतीने पाटी पुसली, तरी करडे 'रेवती' उरलेच. तिचा चेहरा उतरला. गुरुजींनी कोणालाच काही विचारले नाही. पाटी श्रीरंगापुढे ठेवली. म्हणाले, "हे नाव तू पूस."

त्याने जोराची उलटी वीज दिली. नाव हलेना. पुन्हा दिली. तरी नाही.

गुरुजी शेजारी येऊन बसले. "अरे श्रीरंगा, भिंगातून बघ. कण एकाच बाजूला फार वेळ ओढला गेला की काचेला चिकटतो. मग वीज काढली तरी सुटत नाही. त्याला हिसका देऊ नये. हलकेच पुढे, हलकेच मागे, असं करत राहावं." मग म्हणाले, "पाटीवर हे नाव दोन दिवस होतं. तुझ्या मनात ते किती दिवस सलतंय?"

तीन तास श्रीरंग भिंगाला डोळा लावून वीज हलकेच उलटसुलट करीत राहिला. एकेक कण सुटत गेला. जेवायची वेळ टळली तेव्हा पाटी कोरी झाली.

ती रेवतीच्या हाती देताना तो म्हणाला, "शनिवारी वीज मीच चालू ठेवली होती."

"ठाऊक आहे," ती म्हणाली. "तुझा चहाचा पेला पाटीशेजारीच होता. चोरी करताना तरी चहा सोडावा माणसानं."

तो कसनुसा हसला. मग पाटीला वीज देणाऱ्या तारांची पेटी त्याने स्वतःच उचलली आणि तिच्यामागून पाहुण्यांच्या दालनात गेला.